चौथी काठी

३ एप्रिल, बुधवार

गोल्फची चौथी काठी कुठली घ्यायची यावरून माझ्या नवऱ्याने, डॉडने, आज माझ्याशी अबोला धरला. बटाटे शिजेपर्यंत टिकला. मग त्याला मीठ मागावं लागलं.

माझ्याकडे तीन काठ्या आहेत. सात नंबरची लोखंडी, नऊ नंबरची लोखंडी, आणि शेवटी चेंडू भोकात ढकलायचा पटर. तिन्ही चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणलेल्या. सात नंबरच्या मुठीवर कुणाच्या तरी कुत्र्याचे दात उमटलेत. सहा आठवडे झाले शिकतेय – त्रेपन्नाव्या वर्षी!

डॉड म्हणतो, "ड्रायव्हर घे. लांब मारायचं नसेल तर त्याला गोल्फ नाही, बागकाम म्हणतात." गेल्या रविवारी त्याने स्वतःच्या ड्रायव्हरने चेंडू समुद्रात घातला. दोनदा. दुसरा मुद्दाम घातला म्हणे, वारा तपासायला.

२७ तारखेला नवशिक्या बायकांचा सामना आहे, नऊ होलचा. मी नाव दिलंय. का दिलं?

५ एप्रिल, शुक्रवार

आज माझ्या नर्सच्या फेरीत नवा पेशंट. वॅटी लम्सडेन, वय एकोणऐंशी. फेब्रुवारीत खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, जखम अगदी सुरेख भरलीय. फक्त म्हातारा उभा राहत नाही! वॉकर पलंगाशेजारी आहे, त्यावर मोजे वाळत घातलेत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी दोनदा रडून गेली. "उद्या उठतो" हे एकच उत्तर. घाबरलाय. पण ते त्याला कोण सांगणार?

घरात तो आणि बहीण नेटी. ती शहात्तरची, काटकुळी, न बोलता सगळं करणारी. त्याला उचलणं तिला झेपत नाही. निघताना तिने दारात हळूच सांगितलं – २६ तारखेला कौन्सिलची बाई बघायला येणार आहे. तोवर चालला नाही तर त्याला वृद्धाश्रमात हलवणार. एवढं सांगितलं आणि स्कोन जळतायत म्हणून आत पळाली. स्कोन टेबलावरच होते. त्यातले दोन मी खाल्लेही होते.

झोपून झोपून टाचेला झालेल्या जखमेची पट्टी बदलताना म्हाताऱ्याने माझ्या तळहातावरचे फोड पाहिले.

"गोल्फ!"

"नवीनच शिकतेय."

"काठ्या किती?"

"तीन."

कुणीतरी आत दिवा लावावा तसा चेहरा उजळला. "मग चौथी?"

"नवरा ड्रायव्हर म्हणतो."

"तुझा नवरा गाढव आहे."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"काही गरज नाही. पाच नंबरचं लाकूड घे, पोरी. गवतातून निघतं, वाऱ्यात टिकतं, नवशिक्याचा अपमान करत नाही."

पुढची चाळीस मिनिटं व्याख्यान! एका टाचेला चाळीस मिनिटं. नेटी चहा घेऊन आली, म्हणाली, "वॅटी, मला वाटतं तिने आधी –" तर हा म्हणतो, "तू बिस्किटं आण." पलंगावर बसून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

८ एप्रिल, सोमवार

आमच्या पोर्टलॉर्न गावात नर्स सेंगाने गोल्फ सुरू केलाय ही बातमी पोस्टमनने वाटली. आज ज्याच्या ज्याच्या घरी गेले, तो काठी सांगतोय. ज्याच्या कानातला मळ काढत होते तो म्हणाला, वाळूची काठी घे, वाळूत अडकलीस की कोण येणार सोडवायला? इन्सुलिनवाल्या आजी म्हणाल्या, सहा नंबर. का? त्यांच्या घराचा नंबर सहा आहे. बेकरीवाल्याचा रक्तदाब काठ्यांवर बोलताना वीसने चढला. मी सांगितलं, आता हवामानावर बोला. तर तेवीसने चढला.

९ एप्रिल, मंगळवार

वॅटी उभा राहिला!!

नीट लिहिते. मी पट्टी बांधून हात पुसत होते. सहज म्हटलं, "विचार केला मी. ड्रायव्हरच घेते." आणि कोपऱ्यातला झाडूचा दांडा उचलून मारण्याचा आव आणला. माझ्या मते चांगलाच आणला.

"अशी धरतात? अशी? बादली उपसतेयस की काय!" – आणि म्हातारा सरळ उठला, वॉकर बाजूला सारला, मोजे जमिनीवर, माझ्या हातातून दांडा घेतला आणि दाखवायला लागला. अंगठा इथे. कोपर तिथे. डोकं हलवायचं नाही. मी घड्याळ पाहिलं – बावीस सेकंद!

मग त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. दुसऱ्या कुणाचे तरी पाय आपल्याला आलेत तसा बघत राहिला. मटकन बसला. म्हणाला, "फरशी गार आहे."

दारात नेटी, हातात ट्रे. सगळा चहा बशीत.

११ एप्रिल, गुरुवार

युक्ती सापडली. खोटं बोलायचं!

आज सांगितलं, ड्रायव्हर घेतला. वॉकर धरून चार पावलं कपाटापर्यंत गेला, तिथून गेल्या वर्षीचं गोल्फचं मासिक काढलं आणि माझ्या नाकासमोर नाचवलं. परत येताना पुन्हा चार पावलं. एकूण आठ! मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नर्स म्हणून मी आजवर कुणाशी खोटं बोलले नाही. म्हणजे "दुखणार नाही" सोडून.

१५ एप्रिल, सोमवार

आज मोठी थाप. "ड्रायव्हर परत केला. दोन नंबरची लोखंडी घेतली."

वॅटी भडकला. ही काठी म्हणे कसलेल्या खेळाडूलाही जमत नाही, आणि मी, झाडूचा दांडा न धरता येणारी! खिडकीपर्यंत गेला, खिडकी उघडली आणि रस्त्यावरच्या पाद्रीबुवांना ओरडून सांगितलं, "हिने दोन नंबर घेतली!" पाद्रीबुवांनी टोपी काढली, कुणीतरी गेलं असं समजून.

बावीस पावलं. धाप लागली, पण घाबरला नाही. घाबरायला सवडच मिळाली नाही. नेटीने निघताना माझ्या डब्यात चार स्कोन कोंबले. हात धरून ठेवला थोडा वेळ.

१८ एप्रिल, गुरुवार

घोटाळा झाला.

वॅटीने आमच्या घरी फोन केला. मी कामावर होते. डॉडने उचलला. वॅटी म्हणाला, "तुझ्या बायकोला दोन नंबर परत करायला सांग, नाहीतर मी पोलिसात जाईन." डॉडला पत्ताच नाही! मी घरी आले तर जिन्याखालचं कपाट उपसलेलं, बूट, छत्र्या, नाताळचे दिवे सगळे बाहेर, आणि मधोमध हा बसलेला.

"कुठे लपवलीस?"

"काय?"

"काठी! सत्तावीस वर्षं संसार केला आपण, सेंगा. मला न विचारता काठी घेतलीस!"

खरंच दुखावला होता. दुसरा कुणी पुरुष आहे म्हटलं असतं तर निदान त्याचा खेळ कसा आहे ते विचारलं असतं. मी सगळं सांगितलं, शपथेवर. पहिल्यांदा पटलं नाही. मग हसायला लागला. मग थांबला.

"थांब. मला गाढव म्हणाला तो?"

२२ एप्रिल, सोमवार

डॉड आज रजा टाकून वॅटीशी भांडायला गेला. मी म्हटलं, माझी थाप फोडू नकोस. म्हणाला, थापेशी मला कर्तव्य नाही, प्रश्न ड्रायव्हरचा आहे.

अकरा वाजता गेला. एक वाजला, परत नाही. म्हाताऱ्याला काही झालं तर? गाडी घेऊन गेले. घरात फक्त नेटी, खिडकीशी. तिने बोट दाखवलं.

समुद्राच्या भिंतीवरून दोघं चालले होते! वॅटी दोन काठ्या टेकत (चालायच्या काठ्या – मला आता काठी म्हटलं की खुलासा करावा लागतो), डॉड शेजारी हातवारे करत. दोघंही एकदम बोलत होते. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. बंदरापर्यंत गेले, तिथे बहुधा मुद्दे संपले, मग प्रत्येकी एक खिम्याची गरम ब्रायडी खाऊन परत आले.

डॉड रात्री जेवताना म्हणाला, "माणूस चांगला आहे. पण चुकतोय."

मी उठून त्याच्या टकलावर ओठ टेकले. त्याला वाटलं, मी ड्रायव्हरला होकार दिला.

२६ एप्रिल, शुक्रवार

कौन्सिलची बाई आली. तरुण, हातात फाइल, गंभीर. नेटी सकाळपासून एकच चमचा पुसत होती.

"श्री. लम्सडेन, तुम्हाला आधाराशिवाय उभं राहता येतं का?"

वॅटी पलंगावर बसूनच! मी थाप शोधायला लागले – तीन नंबर? सोन्याची? काही सुचेना. इतके दिवस खोटं इतकं सहज सुचलं, आणि आज, हवं तेव्हा, डोकं कोरं.

तेवढ्यात त्या बाईनेच विचारलं, अगदी सौजन्याने, "काही छंद वगैरे? मी स्वतः गोल्फ सुरू करायचं म्हणतेय. सुरुवातीला पूर्ण चौदा काठ्यांचा संच घेतलेला बरा ना?"

"चौदा!!"

पुढे लिहायला नको. तिची छत्री घेऊन तो खोलीभर फिरला, बाहेर बागेत गेला, तिलाही मागोमाग नेलं. छत्रीची एक तार वाकली. बाईने फाइलमध्ये एकच शब्द लिहिला: घरीच.

नेटी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बसली.

२७ एप्रिल, शनिवार

सामना. वारा असा की झेंडे आडवे.

पहिले दोन होल बरे गेले – म्हणजे संपले. तिसऱ्यावर चेंडू वाळूच्या खड्ड्यात. नऊ नंबरने मारला. तिथेच. परत. तिथेच. एकदा बाहेर गेला आणि वाऱ्याने परत आला, माझ्या बुटाला लागून थांबला. दोरीपलीकडे अख्खं गाव. माझे पेशंट! ज्यांना मी पथ्य सांगते ते सगळे पेस्ट्री खात बघत होते.

"वाळूची काठी!" कानवाला ओरडला. "पाच नंबरचं लाकूड असतं तर चेंडू इथे आलाच नसता!" वॅटी. "ड्रायव्हर असता तर खड्ड्यावरून गेला असता!" डॉड. मग ते तिघं एकमेकांवरच घसरले. पाद्रीबुवा मध्ये पडले आणि, कुणाला वाटलं नव्हतं, पण चार नंबरच्या बाजूने बोलले.

अकरा फटके. अकराव्याला डोळे मिटले होते. वर आले तेव्हा केसांत वाळू, दातांत वाळू. आणि मला इतकं हसू येत होतं की बाराव्या फटक्यासाठी उभं राहता येईना.

शेवटून दुसरी आले. शेवटची बाई गुडघा दुखतो म्हणून पाचव्या होलवरून घरी गेली होती.

चौथी काठी अजून ठरली नाही. सोमवारी दुकानात जाणार. डॉड आणि वॅटी दोघंही बरोबर येणार. देव दुकानदाराचं रक्षण करो.

२८ एप्रिल, रविवार

क्लबहाऊसमध्ये कोट विसरले होते, तो आणायला गेले. कोट खुंटीवर, खुंटीच्या वर लाकडी फळा, सोनेरी अक्षरं. महिला विजेती – एन. लम्सडेन. खाली पुन्हा एन. लम्सडेन. नऊ वेळा!

चहावाल्या बाईला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "माहीत नाही तुला? अख्ख्या गावाला माहीत आहे! वॅटी तिची काठ्यांची पिशवी उचलायचा. स्वतः कधी खेळला नाही. बारा वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले, तशी नेटीने खेळणं सोडलं. दुसऱ्या कुणाला पिशवीला हात लावू देईना."

तशीच त्यांच्या घरी गेले. नेटी कप विसळत होती. मी म्हटलं, "नेटी, तुम्हीच सांगा. चौथी कुठली घेऊ?"

"कुठलीच नको," ती म्हणाली. "आहेत त्या तीन आधी मारायला शीक."

वर माळ्यावर काहीतरी जड घसटत होतं. मग जिन्यावर पावलं वाजली, एक एक, सावकाश, आणि वॅटीचा आवाज आला – "नेटी! तुझ्या पिशवीचा पट्टा उंदरांनी खाल्लाय. दुसरा आहे का?"

नेटीने कप खाली ठेवला. हात पुसले. "शिवून देते," म्हणाली, आणि सुई शोधायला लागली.