पुढच्या खोलीतला प्रोपेलर

लाउथ, लिंकनशायर
९ जानेवारी १९८७

प्रिय क्लाइव्ह,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बायकोच्या, सँड्राच्या गुडघ्याला आराम पडला हे वाचून बरं वाटलं. इकडे बर्फ कमी आणि चिखलच जास्त. नाताळचं पुडिंग अजून उरलंय. एकटी माणूस खाऊन खाऊन किती खाणार?

आता तुझ्या कामाचं. आजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलेला विमानाचा प्रोपेलर तू हौसेने नेलास, शेकोटीच्या वर भिंतीवर उभा टांगलास आणि त्याचे थर उकलले. उकलणारच! जुन्या सरसाने थरावर थर चिकटवलेलं लाकूड ते. आडवंच ठेवायचं, नाहीतर ओल खालच्या पात्यात उतरते. दर रविवारी जेवणानंतर उलटं फिरवायचं. आणि शेकोटीपासून शंभर हात लांब. बाबांनी हे तुलाही शिकवलं होतं, पण तुझं लक्ष भाजलेल्या बटाट्यांवर.

वर लिहितोस, "तुझं घर तसंही गारच असतं, बेरिल. तूच ठेव ना परत पुढच्या खोलीत." किती सहज लिहितोस रे!

ती खोली गार का असायची? हवेतली ओल दाखवणारा काटा बाबा रोज सकाळी चष्मा लावून बघायचे. आईला जिना चढवेना, तेव्हा तिचा पलंग तिथेच, प्रोपेलरखाली लावला. नोव्हेंबर होता. मी विजेची शेगडी आणून लावली, ती बाबांनी खटकन बंद केली.

"अक्कल आहे का तुला? लाकूड तडकेल!"

आई म्हणाली, "असू दे गं. आणखी एक ब्लँकेट दे."

बाबांना समजाव म्हणून मी तुला फोन केला. तू हसलास. "अगं, म्हातारा त्या लाकडापायी आपल्यालाही विकेल. मनाला लावून घेऊ नकोस."

डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. आईच्या दफनाच्या दिवशी पाहुणे येणार म्हणून बाबांनी आधी प्रोपेलर पुसला. तू पाहुण्यांना त्याची पाती दाखवत होतास आणि मी सँडविच वाटत होते. त्या दिवसापासून मला तुम्हा दोघांचाही राग आहे. बाबा गेले, म्हणून आता सगळा तुझ्याच वाट्याला आलाय.

बाबांनी प्रोपेलर मुलाच्या नावे ठेवला तेव्हा सगळ्यांनी माझी कीव केली. मला मात्र सुटल्यासारखं झालं होतं.

तेव्हा तो इकडे पाठवू नकोस. विक, संग्रहालयाला दे, काय वाटेल ते कर. पुढच्या खोलीत आता सकाळपासून शेगडी पेटलेली असते. मी आईची खुर्ची ओढून बसते. कधीकधी इतकं उकडतं की स्वेटर काढावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच रडू येतं.

आईच्या वाट्याची ऊब एकटीने घेणारी,
तुझी बहीण
बेरिल