सातव्या महिन्याचे लाडू

रिठद, १९४६

माय,

ही चिठ्ठी मी धाडणार नाही, पण लिहिल्याबिगर राहवत नाही. सातव्या महिन्याचे लाडू घेऊन तू धनजहून आली, अन् मी साऱ्या बायांसमोर ताट दूर सरकवलं. "सासरची श्रीमंती चढली तुले," असं म्हणून तू उपाशीच गेली.

माय, मले साखरेचा रोग आहे. बाबा गेले तोच. माही पहिली दोन लेकरं पोटातच गेली, तीबी त्यानंच, असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. लघवी निळ्या दवाईत उकळून पाह्यची, लाल झाली तं साखर वाढली समजायचं, हे त्यांनीच शिकवलं. साखर उतरवणारी इन्सुलिनची सुई रोज मांडीत टोचायची, तं मी ती त्यांच्याच हाती देत होती. त्या म्हणाल्या, "रोज मी रिठदला येणार नाही. तुलाच शिकायला हवं."

शिकली मी, पण लय थकली. अर्ध्या भाकरीवर उठतो, अन् तुह्या लाडवांचा वास आठवला की रडू येते. लेकरू मात्र पोटात हालून राह्यलं.

तुले सांगितलं तं बाबांचा सडलेला पाय आठवून तुही झोप उडन. त्यापेक्षा तू रागातच राह्य. लेकरू घेऊन धनजले येईन, तवा मले पोटभर बोल.

तुही,
सोजर