बोर्ड रिकामा, सगळे सुखरूप

३ जानेवारी १९९७, शुक्रवार. सनद, आखात.
ठरलं. ईदच्या सुट्टीत शिमल्याजवळ नारकंडा. बर्फ, स्कीइंग, चार दिवस. मुलांनी बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय, काय हे आयुष्य! संघप्रिया म्हणाली, त्यापेक्षा नागपूरला आईकडे जाऊ, बर्फात कशाला मरायला जायचं? बायकांना पहिलं मरणच आठवतं. घरात सेफ्टी ऑफिसर असताना भीती कसली? इथून जवळच, मआमीर गावातल्या प्लँटवर माझ्या रजिस्टरमध्ये सहा वर्षांत एकही अपघात नाही. एकही.

१० जानेवारी
प्लँटची बिल्ला पद्धत घरी लागू. टाकीत उतरताना आपला पितळी बिल्ला बोर्डवर अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. बोर्ड रिकामा म्हणजे आत कोणी नाही. शेंबड्या पोरालाही कळेल. मुलांसाठी प्लायवूडचा छोटा बोर्ड केला, लाल बिल्ले दोन: श्रावस्ती, वय बारा, प्रज्योत, वय आठ. उतारावर निघताना अडकवा, परत आल्यावर काढा.
शिवाय असेंब्ली पॉइंट. गडबड झाली तर ठरलेल्या जागी उभं राहायचं, मी येईपर्यंत हलायचं नाही. दोघांकडून दहादा म्हणून घेतलं. प्रज्योतने विचारलं, "अँड यू विल कम?" मी नाही येणार तर कोण येणार, वेडा कुठला.

१७ जानेवारी
रंगीत तालीम. घरामागे बांधकामाचा वाळूचा ढीग, त्यावरून पुठ्ठ्यावर बसून घसरणे. शेजारची आमिना खिडकीतून बघत होती. बघू दे. प्रज्योत दर वेळी बिल्ला काढायला विसरतो. शेवटी श्रावस्तीच दोन्ही काढायला लागली. संघप्रिया म्हणाली, हे बरं नाही, ज्याचा त्याने काढावा. म्हटलं, बहीणभावाचं प्रेम आहे, तू मध्ये पडू नकोस.
डोळ्यांत वाळू गेली. आज वजन कमी करण्याचा संकल्पही केला. उद्यापासून.

२५ जानेवारी, प्लँट
रमजान. सगळ्यांना लवकर घर गाठायचंय. फोरमन हाशिम अख्ख्या टोळीचे बिल्ले एका हाताने गोळा करतो, यल्ला, खलास, म्हणजे चला, संपलं. दोन सेकंदांत बोर्ड रिकामा. याला म्हणतात टीमवर्क.
आज टाकीचं झाकण लावता लावता कोणाला तरी बाहेर टोळीतल्या जैनुद्दीनच्या चपला दिसल्या. गमबूट घालून उतरलेला पठ्ठ्या आत भिंतीला टेकून झोपला होता. बाहेर काढला. काही झालं नाही. न झालेला अपघात रजिस्टरमध्ये कशाला लिहायचा? उगाच वाईट दिसतं. पद्धत बरोबरच होती, झोपणारा चुकला.
रात्री जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१० फेब्रुवारी. नारकंडा.
पोचलो. बोटं वाकत नाहीत, त्यामुळे थोडक्यात. असेंब्ली पॉइंट: उताराच्या कडेचं वाकडं देवदार. त्याला संघप्रियाची लाल ओढणी बांधली. बोर्ड हॉटेलच्या व्हरांड्यात. हॉटेलवाल्याने विचारलं, यह मेनू है क्या? हसा लेको.

११ फेब्रुवारी, दुपारी ३.१५
धुकं. अचानक. समोरचं कुंपण दिसत नाही. मी आत हीटरपाशी होतो, बाहेर येऊन बोर्ड पाहिला: रिकामा. म्हणजे दोघं परत. ऑल क्लिअर. चहा मागवला. बाकीचे आईबाप पोरांच्या नावाने ओरडत फिरताहेत. पद्धत नसली की अशी धावपळ होते.

३.४०
संघप्रियाने विचारलं, प्रज्योत कुठाय? बोर्ड दाखवला. ती म्हणाली, शेगडीपाशी बुटांची एकच जोडी वाळतेय. म्हटलं, बाथरूममध्ये असेल, बूट घालूनच गेला असेल. मला अतिशहाणा म्हणाली. माणसाचा पद्धतीवर विश्वास हवा.

४.०५
बाथरूममध्ये नाही.
श्रावस्ती रजईत झोपली होती, तिला उठवलं. म्हणाली, "ही ऑल्वेज फरगेट्स, पप्पा. सो आय टुक बोथ." संघप्रिया चप्पल घालूनच धावत सुटली, चहावाला कंदील घेऊन तिच्या मागे. मी बोर्ड पुन्हा पाहिला. रिकामाच होता.

१२ फेब्रुवारी. शिमला, हॉस्पिटल.
सापडला. देवदाराखाली ओढणी धरून उभा होता. सव्वा तास. हॉटेलपासून दोनशे पावलांवर. उतरणाऱ्या दोघातिघांनी चल म्हटलं होतं, पण गेला नाही. पप्पा येणार आहेत म्हणाला.
डाव्या पायाची दोन बोटं काळीनिळी. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू. संघप्रिया माझ्याशी बोलत नाही. धुक्याची सूचना हॉटेलने द्यायला नको? लेखी तक्रार करायला बसलो. कागदावर तारीख घातली, तेवढ्यात प्रज्योत जागा झाला.
"आय डिडन्ट मूव्ह, पप्पा. व्हाय डिडन्ट यू कम?"
तक्रार राहिली.

१६ फेब्रुवारी. सनद.
नखं गेली, बोटं राहतील. संघप्रियाने बोर्ड मोडून कचऱ्यात टाकला. आज नियम केला नाही.

२२ फेब्रुवारी, प्लँट
सहा वर्षं शून्य अपघाताचं सर्टिफिकेट आलं. ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि रजिस्टर काढलं. २५ जानेवारी, जैनुद्दीन, टाकीत झोपलेला, बिल्ला दुसऱ्याने काढलेला. लिहिलं. मग आधीचे आठवतील तसे लिहीत गेलो. चार पानं भरली.
दुपारी हाशिमने नेहमीसारखे सगळे बिल्ले काढले. बोर्ड रिकामा. झाकण लावायला निघाले तेव्हा मी थांबवलं आणि टॉर्च घेऊन स्वतः उतरलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. वरून हाशिम सांगत होता, मफी, आत कोणी नाही. जैनुद्दीन म्हणाला, "साब, बोर्ड तो खाली है."
आत खरंच कोणी नव्हतं. तरी कोपऱ्याकोपऱ्यात टॉर्च मारला, हाक मारली, मग पुन्हा मारली. वर आलो तर सगळे माझ्याकडेच बघत होते. जैनुद्दीनने हळूच विचारलं, प्रज्योत कोण?