देवकाला नमस्कार

बाबा,

“आपलं देवक असलेला हत्ती परक्यांना दाखवून पोट भरणारी माझी मुलगी नव्हे,” असं म्हणून तुम्ही दार लावलंत.

अजूनही हत्ती दिसला की मी सफारीची गाडी थांबवते, कॅमेरे खाली ठेवायला सांगते आणि तुम्ही शिकवलंत तसं मान झुकवून कुळाचं नाव घेते. मागच्या सफारीच्या गाडीचा चालक त्शेको ओरडतो, “दिकेलेदी, आजोबांच्या पाया पडून झालं असेल तर सरक पुढे!”

आज ख्वाई नदीवर तुटक्या सुळ्याचा एक म्हातारा हत्ती अगदी गाडीजवळ आला. आपल्या घरातलं कुणी माझ्या इतकं जवळ येऊन किती वर्षं झाली!

हे पत्र टाकायचा धीर मला होणार नाही, आणि टाकलं तरी तुम्ही नाहीच म्हणाल. पण एकदा माझ्या शेजारी गाडीत बसा, बाबा. त्याला नमस्कार तुम्ही करा.

तुमचीच,
दिकेलेदी