मॅनेजरला शिकवण्याची शास्त्रीय पद्धत

२ फेब्रुवारी, सोमवार

घरमालकीणबाईंनी आज निर्वाणीचं सांगितलं. त्या वरच्या मजल्यावर राहतात. खाली आमचं शिंप्याचं दुकान आणि दुकानामागे दोन खोल्या. दुपारी त्यांचा डोळा लागतो न लागतो तोच खाली गिऱ्हाईक येतं आणि मॅनेजर भुंकतो. बावीस तारखेला, रविवारी, त्या स्वतः दुकानात येऊन तासभर बसणार. कुत्रा गप्प राहिला तर राहील, नाहीतर जाईल. कुठे, तेही ठरलं. मामाच्या लाकडाच्या वखारीत, राखणीला, साखळीने बांधून. मामा म्हणाला, त्यात काय, आत्ताच नेतो. आईने मॅनेजरच्या दुधात आज साखर घातली.

मॅनेजर गेल्या वर्षी आपणहून दुकानात आला, उंबऱ्यात बसला, आल्यागेल्याकडे नाक वर करून बघू लागला आणि काम काही करेना. म्हणून हे नाव.

त्याला मी शिकवणार. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही मानसशास्त्राची. डिग्री काय भिंतीवर लावायला घेतली? भिंतीवर लावली आहे ती बाबांनी, आणि तीही बटणांच्या बरण्यांच्या वर, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसायलाच हवी.

३ फेब्रुवारी

बाबांशी वाद. त्यांचं मत, कुत्र्याला दरारा लागतो. फोनवर ते एका मिशीवाल्या ट्रेनरचे व्हिडिओ बघतात. तो सांगतो, कुत्रा हा टोळीतला प्राणी, टोळीला प्रमुख लागतो, तो प्रमुख तुम्ही व्हा. मी समजावलं की हे सगळं जुनं झालं, कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरून काढलेलं अनुमान आहे, मोकळे लांडगे असे वागतच नाहीत. बाबा म्हणाले, तू विचारून आलीस वाटतं.

मग म्हणाले, मला उस्तादांनी फूटपट्टीने शिकवलं, आज माझं एक काज वाकडं पडत नाही. मी म्हणाले, भीतीने शिकलेलं टिकत नाही बाबा. ते म्हणाले, चाळीस वर्षं टिकलंय, अजून किती टिकवू?

याला माझ्याकडे सणसणीत उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

४ फेब्रुवारी

पद्धत ठरली. चांगलं वागला की एक ठरावीक आवाज आणि लगेच बक्षीस. मारायचं नाही, ओरडायचं नाही. आवाजासाठी परदेशात एक छोटं यंत्र मिळतं. आमच्याकडे त्याहून चांगलं आहे, टिचबटण! कापडाच्या तुकड्यावर एक मोठं टिचबटण लावून घेतलं. दाबलं की टिच, टिच झालं की बिस्कीट.

नियम एकच, पण लोखंडी. टिच वाजलं आणि बिस्कीट दिलं नाही, असं कधीही होता कामा नये. कुत्र्याचा विश्वास उडतो, आणि उडालेला विश्वास परत येत नाही. मी शब्दाची पक्की आहे.

६ फेब्रुवारी, रात्री ८

अद्भुत. गिऱ्हाईक आलं, मॅनेजर भुंकला. मी शांतपणे ‘शांत’ म्हणाले. तो थांबला. टिच. बिस्कीट. दिवसभरात कितीतरी वेळा थांबला!

७ फेब्रुवारी

प्रगती माझ्या अपेक्षेपलीकडे. आज गिऱ्हाईक नसतानाही तो भुंकला, स्वतःच थांबला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे एकटाच सराव करतोय. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

आई म्हणाली, अगं, आधी माणूस आल्यावर भुंकायचा, आता पंखा लावला तरी भुंकतो. आई फक्त भुंकणं मोजते. थांबणं किती वाढलं आहे ते तिला दिसत नाही. वरून घरमालकीणबाईंनी तीनदा काठी आपटली. मॅनेजर भुंकला. थांबला. टिच.

९ फेब्रुवारी

बाबांनी स्वतंत्र शाळा काढली. मिशीवाल्याचे नियम असे: दारातून प्रमुखाने आधी जायचं, नजरेला नजर भिडवायची, आणि प्रमुखाने आधी खायचं.

दारातला नियम सकाळी झाला. बाबा आणि मॅनेजर एकदमच घुसले आणि चौकटीत अडकले. मागून गिऱ्हाईक आलं, पँटची उंची कमी करायला. त्याने दोघांना बाहेर ओढलं. बाबांचं म्हणणं, पाऊल त्यांचंच आधी पडलं.

नजरेचा नियम दुपारी झाला. बाबांनी बराच वेळ टक लावली. मग त्यांचा डोळा लागला. मॅनेजर अजून बघतच होता.

खाण्याचा नियम मात्र बाबा मनापासून पाळतात. मॅनेजरला एक बिस्कीट, त्याआधी प्रमुखाला एक. आईने धरलं. म्हणाली, डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा तुमची टोळी कुठे होती? बाबांनी लगेच डबा खाली ठेवला. एवढ्यावरून आमच्या घरात प्रमुख कोण ते मॅनेजरला समजलं असावं, कारण तेव्हापासून तो आईच्या मागे मागे आहे.

१२ फेब्रुवारी

संकट. म्हणजे संधी.

दवाखान्याची मोठी ऑर्डर आली. पेशंटचे गाऊन, पाठीला टिचबटणं. बटणं बसवायचं काम आईचं. बसवलं की ती प्रत्येक बटण एकदा लावून बघते, नीट बसलं ना म्हणून. टिच.

पहिल्या टिचला मॅनेजर झोपेतून उठला आणि आईसमोर जाऊन बसला. मग वळून माझ्याकडे बघितलं. काय बघितलं! विश्वास म्हणतात तो हाच.

आता करायचं काय? हे टिच माझं नाही, असं मी त्याला कसं सांगू? त्याच्या लेखी टिच म्हणजे टिच. आईला म्हटलं, आवाज न करता तपासता येणार नाही का? आई म्हणाली, टिच वाजल्याशिवाय बटण बसलं हे कळणार कसं, तुझ्या डिग्रीवरून? मग बाहेर जाऊन तपास म्हटलं, तर म्हणाली, मी रस्त्यावर गाऊन घेऊन बसू?

तत्त्व म्हणजे तत्त्व. आईच्या प्रत्येक टिचला मी आतून धावत गेले आणि बिस्कीट दिलं. संध्याकाळी पाय भरून आले. तत्त्वासाठी माणसं याहून जास्त सोसतात.

१४ फेब्रुवारी

मॅनेजर दिवसभर आईच्या पुढ्यात, म्हणजेच बाबांच्या मशीनच्या पायथ्याशी, तोंड मिटून बसतो. गिऱ्हाईक येतं, जातं, तो मान वळवत नाही. मी भारावून गेले. तत्त्वाला आलेलं हे फळ.

बाबा म्हणतात, माझ्या पायाशी बसलाय, दिसत नाही का? याला म्हणतात दरारा. गिऱ्हाइकांनाही सांगतात. एका गिऱ्हाइकाने विचारलं, काय हो, मारता वाटतं? बाबा म्हणाले, छे, नुसती नजर. आणि नजर दाखवली. गिऱ्हाइकाने माप न देताच उद्या येतो म्हटलं.

आमचा वाद रंगला तेव्हा आई म्हणाली, दोघंही उजेडातून सरका.

१६ फेब्रुवारी

मॅनेजर मशीनखाली जाऊन बसायचा, आता अडकतो. बिस्किटांचा परिणाम असू शकतो. निर्धार: उद्यापासून बिस्किटाचे चार तुकडे, आणि सकाळी दोघांनी धावायचं.

१७ फेब्रुवारी, सकाळ

तुकडा दिला. मॅनेजरने तो हुंगला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बाकीचे तीन लगेच दिले. धावलो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत तो छान आला, तिथे आडवा झाला. उचलून आणला. व्यायाम झालाच.

१९ फेब्रुवारी

मामा येऊन गेला. साखळी घेऊन. मॅनेजरच्या गळ्याचं माप बघितलं, म्हणाला, एक कडी वाढवावी लागेल, आणि साखळी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. रविवारी न्यायलाच येतो, परत हेलपाटा नको, म्हणाला. मामा वाईट नाही. वखारीत रात्री चोऱ्या होतात, त्याला खरंच कुत्रा हवा आहे.

मॅनेजरने साखळी हुंगली आणि मामाच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपला. त्याला काही कळत नाही. त्याला असंच वाटतं की सगळे आपलेच.

मला जेवण गेलं नाही. बाबा आज नजर, दरारा सगळं विसरून गाऊनची शिवण उसवून परत घालत बसले. त्यांना शिवण उसवावी लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

२१ फेब्रुवारी

रंगीत तालीम. आईची शाल पांघरून बाबा घरमालकीणबाई झाले, मी गिऱ्हाईक झाले. मॅनेजर अजिबात भुंकला नाही. तालीम शंभर टक्के यशस्वी. आई म्हणाली, तो घरच्या माणसांवर कधी भुंकलाय? आईचा स्वभाव शंकेखोर आहे.

उद्याचा प्लॅन: तो भुंकला की मी ‘शांत’ म्हणायचं. बाबांनी मध्ये पडायचं नाही. बाबांचा प्लॅन: ग्रॅज्युएटने मध्ये पडायचं नाही. आईला प्लॅन नाही. उद्या ऑर्डर द्यायची आहे, तिला बटणं संपवायची आहेत.

२२ फेब्रुवारी, रविवार, रात्री ९

सविस्तर लिहिते, पुढे उपयोगी पडेल.

घरमालकीणबाई चारला उतरल्या. खुर्चीत बसल्या, काठी मांडीवर. मामा दारात. साखळी खिळ्याला. मॅनेजर उंबऱ्यात.

पहिलं गिऱ्हाईक येताच मॅनेजर भुंकला. मी ‘शांत’ म्हणाले. थांबला. टिच, बिस्कीट. लगेच पुन्हा भुंकला. थांबला. बिस्कीट. पुन्हा. घरमालकीणबाई म्हणाल्या, अगं, तू त्याला गप्प करतेस की मजुरी देतेस? बाबा पुढे झाले, गुडघ्यावर बसून नजर भिडवली. मॅनेजरने त्यांचा चष्मा चाटला. मामाने साखळीला हात घातला.

तेव्हा आईने गाऊनचा गठ्ठा पुढ्यात ओढला. टिच.

मॅनेजर फिरला, आईसमोर बसला, तोंड बंद. मी धावले, बिस्कीट. टिच. धावले. दुसरं गिऱ्हाईक आलं, तिसरं आलं, बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. मॅनेजर हूं की चूं नाही. घरमालकीणबाईंची मान हळूहळू हलायला लागली, पसंतीने की झोपेने ते समजेना.

पावणेपाच झाले आणि गाऊन संपले.

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी बटणांची बरणी पुढे सरकवली. आईने चिंधीला बटणं बसवली, मग उशीच्या अभ्र्याला, मग बाबांनी मापाची टेप दिली तर टेपला. टिच. टिच. मी धावत होते. शेवटी बाबांनी अंगातला शर्ट काढून दिला आणि बनियनवर उभे राहिले. तोही त्यांनीच शिवलेला, त्यांच्या हातच्या काजांचा. चाळीस वर्षांच्या काजांशेजारी आईने टिचबटणं ठोकली. बाबा बघत राहिले.

पाच वाजले. घरमालकीणबाई उठल्या. कुत्रा राहू दे म्हणाल्या. मामाने साखळी गुंडाळली, म्हणाला, असा गप्प बसणारा मला तरी काय कामाचा, चोर आले तर ऐकायचं कोणी?

आईने डोळे पुसले. बाबा म्हणाले, दरारा. मी म्हणाले, शास्त्र. मॅनेजर झोपला.

जिना चढताना घरमालकीणबाई आईला काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं. म्हणाल्या, कुत्र्याचं काही सांगता येत नाही बाई, पण मुलीला छान तयार केलंस. एक टिच वाजलं की धावत येते.

काय म्हणायचं होतं त्यांना? वय झालं आहे त्यांचं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी आतल्या खोलीत वाचत होते. टिच वाजलं. बिस्कीट घेऊन धावले. मॅनेजर पाय वर करून गाढ झोपलेला. आई दारात उभी, हातात माझा टिचबटणाचा कापडी तुकडा आणि दुधाची रिकामी पिशवी. म्हणाली, दूध संपलंय. केव्हाची हाका मारतेय, तेव्हा कुठे आलीस?

दूध आणलं. आई ‘शाबास’ म्हणाली आणि बिस्कीट माझ्या हातातून काढून माझ्याच तोंडात घातलं. चवीला चांगलं आहे. आणखी एक मागितलं, तर म्हणाली, आधी कपडे वाळत घाल.

बाबा मशीनवरून हे सगळं बघत होते. अंगात तो टिचबटणांचा शर्ट. म्हणाले, हरलो ग्रॅज्युएट, तुझीच पद्धत खरी. मारावं लागत नाही, ओरडावं लागत नाही.

म्हणजे एवढ्या वादानंतर बाबांनी अखेर मान्य केलं. आनंदाचा दिवस. कपडे वाळत घालून झाले की सविस्तर लिहीन.