घाटासाठी चार चाकं

लेथब्रिज, ३ नोव्हेंबर १९९७

चि. डेल यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हसून विषय टाळतोस, म्हणून लिहिते. तुझी नवी गाडी देखणी आहे, पळतेही जोरात. पण तिचे रुंद उन्हाळी टायर थंडीत दगडासारखे कडक होतात. हिवाळ्यासाठी वेगळी चाकं घे. सोळा इंची तुझ्या मोठ्या ब्रेकवर बसणार नाहीत. सतरा इंची, जरा अरुंद घे, म्हणजे टायर बर्फ कापत खालच्या रस्त्याला भिडेल. आणि चारही टायर हिवाळीच हवेत. रेनिटाला आठवा लागतोय, बाळंतपणाचं इस्पितळ घाटापलीकडे, ट्रेल गावात. वीस वर्षं टायर विकतेय रे, एवढं तरी ऐक.

रेनिटाला जप.
तुझी लोरेटाताई


क्रेस्टन, ११ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, ओरडाही पोचला. ती बारकी चाकं लावली तर गाडी सुटाखाली स्लिपर घातलेल्या नवरदेवासारखी दिसेल! इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, म्हणून मागे दोन हिवाळी टायर टाकतो. पुढे उन्हाळीच राहू देत. रेनिटा म्हणते, ताईंचं ऐका. मी म्हटलं, गाडी मी चालवतो की ताई? बाळ जानेवारीत यायचंय, उगाच घाबरू नकोस.

राग सोड, माया सोडू नकोस.
तुझा डेल


लेथब्रिज, १७ नोव्हेंबर

चि. डेल यास आशीर्वाद.

कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने हाच हट्ट धरला. मला कळत होतं, तरी गिऱ्हाईक तुटेल म्हणून मागे दोनच बसवून दिले. वळणावर त्याने स्टीयरिंग फिरवलं, पण पुढच्या उन्हाळी टायरांना पकडच नव्हती, गाडी वळलीच नाही. सरळ दरीत. तो वाचला, बायको गेली. नंतर दुकानात आला. नुसता उभा राहून गेला.

चारही चाकं टायरसकट ट्रकने पाठवतेय. लावणार नसशील तर रेनिटाला मी इकडे घेऊन येते. तू बस गाडी पुसत.

काळजीत,
ताई


क्रेस्टन, १८ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली, रविवारी. दोघी सुखरूप.

खोटं लिहीत नाही, चाकं तीन आठवडे गॅरेजात पडून होती. शनिवारी रेनिटाच पोट सांभाळत जॅक लावायला बसली, तेव्हा शरमेने मी उठलो नि चारही बसवली. रविवारी सकाळी कळा सुरू झाल्या. घाटात बर्फ असा की बॉनेटपुढचं दिसेना. वळण घेतलं तर ट्रक आडवा. ब्रेक दाबला, गाडी थोडी घसरली. पण स्टीयरिंग फिरवलं तशी वळली, ट्रकच्या शेपटीजवळून निसटून बर्फाच्या ढिगात थांबली. रेनिटा दात आवळून एवढंच म्हणाली, थांबलात कशाला, चला.

चाललो. इस्पितळात पोचल्यावर मात्र माझी बोटं स्टीयरिंगवरून सुटेनात. नर्सने येऊन एकेक सोडवली.

काल घरी येताना त्या वळणावर मी गाडी अगदी हळू घेतली. पोरगी मागे झोपली होती.

ये ना ताई. तिला आधी तुझ्या हातात द्यायचंय.

तुझा,
डेल