एका बाहीचा स्वेटर

४ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुमच्या खात्याचं हजेरीचं यंत्र आमच्या दवाखान्यात दाखल झालं. दर दोन तासांनी अंगठा लावायचा. हा नियम तू लिहिलास हे तुझ्या आईकडून कळलं, म्हणून आधी शाबासकी घे.

आता माझं रडगाणं. नदीपलीकडच्या वस्तीत बाळांना लस टोचायला गेले, की यंत्र मला गैरहजर ठरवतं. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा नोटीस आली. आणखी एक खाडा झाला तर बदली! खूप वाईट वाटलं गं. तेव्हा आता खुर्चीतच बसणार. वेळ जात नाही म्हणून तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. रंग विचारू नकोस, दुकानात उरला होता तो आणला.

रागावले असले तरी तुझीच,
मावशी

२० फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं पटतं, पण आमचीही बाजू ऐक. पाहणीत निम्म्या दवाखान्यांना कुलूप होतं. कोण येतं, कोण नाही, हे इथे बसून कळायचं कसं? फिरतीची नोंद पुढच्या वर्षी करू, तोवर दम धर.

आणि बातमी ऐक! गेल्या महिनाभरात शंभर टक्के हजेरीत तुझा दवाखाना पहिला आलाय. मंत्र्यांच्या हस्ते सत्कार आहे. मी तर ऑफिसभर मिरवतेय.

तुझा लोभ हवाच, चिडचिडीसकट.
ठकू

२ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

सोबत स्वेटर पाठवतेय. पाठ, पोट, गळा आणि एक बाही, एवढ्या कामावर आमचा पहिला नंबर आलाय. या काळात तेवीस बाळांची लस राहिली. काल पलीकडची एक आई जुळ्यांना घेऊन लांबच्या पुलावरून उन्हातून चालत आली, नाव बंद होती म्हणाली. मला तोंड वर करवेना.

उद्यापासून मी पलीकडे जाणार. बदली करायची तर खुशाल कर. सत्कार स्वेटरचा करा, राबला तोच.

मायेत खंड नाही.
मावशी

१९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले. मग बैठकीत स्वेटर टेबलावर ठेवला आणि साहेबांना सांगितलं, की आपली शंभर टक्के हजेरी ती हीच. आधी शिपाईकाका हसले, मग सगळेच. तेवीस बाळांचं सांगितल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

तुझी नोटीस रद्द झाली. तुमच्या भागात सहा महिने अंगठा बंद. आयांच्या कार्डांवर लशीची नोंद दिसली, की ती तुमची हजेरी. बाकीच्या भागांसाठी फाइल अजून चार टेबलं फिरेल. मी तिच्या मागे लागलेय.

स्वेटर माझ्या खुर्चीवर टांगलाय. नवा नियम लिहिण्याआधी त्याच्याकडे एकदा बघते. मावशी, दुसरी बाही विणू नकोस हं. ती आली, की मी समजेन माझं पुन्हा चुकलं.

थोडी कान पकडून, बरीच लाडात,
तुझी ठकू